हाड वाढते कुठून आणि किती वर्षे?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे उंचीची चौकशी करणारी पत्रे बरीच असतात. मागे एका भगिनीचे पत्र आले. त्या चार घरी धुण्याभांड्याची कामे करतात. मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावी पास, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला. धावण्यात चांगला आहे, लेखी परीक्षेचाही अभ्यास करतो. पण उंची मोजली तर १६३ सेंटीमीटर भरते आणि भरतीला पुरुष उमेदवाराची उंची निदान १६५ सेंटीमीटर लागते. मोबाईलवर उंची वाढवणाऱ्या पावडरीची जाहिरात पाहून त्यांनी उसनवारी करून तीन महिन्यांचा कोर्स मागवला. डबे संपले, उंची तेवढीच राहिली. आता विकणारे फोन करून सांगतात, आणखी सहा महिने घ्यावी लागेल. "घेऊ का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

घेऊ नका, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. पण नुसते 'नका' म्हटल्याने आईचे मन मानत नाही. शेजारची कोणीतरी सांगते, माझ्या भाच्याची वाढली की! मग पुन्हा पैसे जातात. म्हणून मुळात हाड वाढते कसे, कुठून वाढते आणि केव्हा थांबते, हे एकदा नीट समजून घेऊ. घरात लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी याचा उपयोग जास्त आहे.

आपल्याला हाड दिसते ते बहुधा मटणाच्या ताटात. त्यामुळे हाड म्हणजे लाकडासारखी नाहीतर दगडासारखी निर्जीव वस्तू, असा समज होतो. जिवंत माणसाचे हाड तसे नसते. त्यात रक्तवाहिन्या असतात. नळी चोखताना जो मऊ गर लागतो ती मज्जा. आपल्या हाडांतल्या अशाच मज्जेत रक्तातल्या पेशी तयार होतात. हाडाच्या आत काही पेशी जुने हाड पोखरून काढत असतात आणि काही पेशी तिथे नवे हाड भरत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे, मुलांना जरूर दाखवा. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून बरणीत व्हिनेगर घालून त्यात बुडवून ठेवा. चायनीजच्या गाडीवर असते तेच व्हिनेगर. दोन-तीन दिवसांनी ते बदला. आठवड्याभराने हाड बाहेर काढले तर ते रबरासारखे वाकते. हाडातले कॅल्शियमचे क्षार विरघळून गेले आणि चिवट तंतू तेवढे राहिले. आता दुसरे हाड चुलीत चांगले भाजून काढा. आकार तसाच दिसेल, पण दाबताच त्याचा भुगा होईल. इथे तंतू जळाले आणि क्षार राहिले. गवंडीकाम, सेंट्रिंगचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे लगेच कळेल. स्लॅबमध्ये सळई आणि सिमेंट दोन्ही लागते, तसेच हे. सुक्या हाडाच्या वजनात साधारण दोन भाग क्षार आणि एक भाग तंतू असतात. तंतू प्रथिनांचे, म्हणजे डाळ, अंडी, मांस-मच्छीतून मिळणाऱ्या मालाचे. म्हणून हाडासाठी एकटे कॅल्शियम पुरत नाही.

हातापायांची लांब हाडे आतून पोकळ असतात. सायकलची फ्रेम भरीव सळईची न करता नळीची का करतात, हे कारखान्यात काम केलेल्यांना माहीत आहे. वजन कमी आणि ताकद भरपूर.

आता वाढीकडे येऊ. जन्मलेल्या बाळाच्या अंगात हाडांचे जवळजवळ ३०० तुकडे असतात. मोठ्या माणसात २०६. मधली हाडे हरवत नाहीत, एकमेकांना जुळतात. बाळाची टाळू हे त्याचे सगळ्यांनी पाहिलेले उदाहरण. तिथे डोक्याची हाडे अजून भिडलेली नसतात, म्हणून ती जागा मऊ लागते आणि ठोके पडताना दिसतात. तेल थापल्याने टाळू भरते असे आपल्याकडे म्हणतात. ती भरते हाडांच्या कडा वाढून, साधारण दीड वर्षापर्यंत. तेल न लावलेल्या बाळाचीही भरते.

हातापायांची हाडे आधी मऊ असतात. कानाची पाळी सोडून वरचा कान दाबून पाहा, नाकाचे टोक हलवून पाहा. ती जशी लवचिक आहेत तशा कूर्चेची ही हाडे पोटातल्या बाळात तयार होतात, आणि मग मधून सुरुवात होऊन त्यांचे पक्के हाड बनत जाते. फक्त टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती शिल्लक राहते. सगळी लांबी त्या चकतीतून येते.

हे कशावरून? शोध जुना आहे आणि साधा आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एका वाढत्या कोंबडीच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक भोके पाडली. हाड तेव्हा दोन इंचांचे होते. दोन महिन्यांनी पाहिले तर हाड इंचभर लांब झाले होते, पण दोन भोकांमधले अंतर अर्धा इंचच होते. म्हणजे हाड रबरासारखे मधून ताणले जात नाही. हेल्सने हे १७२७ साली छापून प्रसिद्ध केले. गावाकडे कडुलिंबाच्या बुंध्याला कोणी खिळा ठोकला असेल तर वीस वर्षांनी झाड आभाळाला लागते, खिळा मात्र ठोकला त्याच उंचीवर राहतो. झाड शेंड्याकडून वाढते. हाडही टोकाकडून वाढते.

जाडी मात्र वेगळ्या रीतीने वाढते, आणि तो शोध तर जेवणाच्या ताटात लागला. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर हे कापडावर छपाई करणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मटणातली हाडे लाल! चौकशी केली तेव्हा कळले की, रंगाच्या हौदातला कोंडा त्या डुकरांना खायला घालत असत आणि त्या कोंड्यात मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीचा लाल रंग मुरलेला असे. बेल्चियर यांनी १७३६ मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढे फ्रान्समध्ये दुहामेल यांनी जनावरांना काही दिवस ही मुळी खाऊ घालायची, काही दिवस बंद करायची, असे करून पाहिले. हाड कापल्यावर लाल आणि पांढरी वलये एकावर एक दिसली. रंग बसतो तो त्या दिवसांत नव्याने घातल्या जाणाऱ्या हाडावर. बाहेरून थर चढतात, आतून पोकळी रुंदावते, अशी हाडाची जाडी वाढते. हे काम मोठेपणीही थोडेफार चालू राहते. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते. अंतराळात वजन न पेलता राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडातले क्षार महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटतात. तेव्हा हाडाची मजबुती आयुष्यभर कमीजास्त होते. लांबीचे तसे नाही.

लांबी वाढवणाऱ्या चकत्या एक्स-रेवर काळ्या रेघेसारख्या दिसतात, कारण कूर्चेत क्षार कमी असतात. पायाच्या लांबीत सर्वात मोठा वाटा गुडघ्याजवळच्या दोन चकत्यांचा. पायाची जवळजवळ दोन-तृतीयांश वाढ तिथून होते. वयात आल्यावर शरीरातले संप्रेरक बदलतात, वाढ एकदम जोर धरते, आणि त्याच संप्रेरकांमुळे चकती हळूहळू हाडात मिसळून जाते. काळी रेघ नाहीशी होते. मुलींमध्ये हे साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ या वयात घडते. कोणाचे वर्षभर पुढेमागे. मुलीला पहिली पाळी आली की त्यानंतर तिची उंची बहुधा पाच ते सात सेंटीमीटरच वाढते. गळ्याखालच्या आडव्या हाडाचे छातीकडचे टोक मात्र पंचविशीच्या आसपास जुळते, पण त्याने उंचीत भर पडत नाही.

गंमत अशी की, मुलांच्या हाडाची चकतीसुद्धा बंद होते ती इस्ट्रोजेनमुळे, ज्याला आपण बायकांचे संप्रेरक म्हणतो. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरावर जन्मापासून इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. वयाच्या २८ व्या वर्षी त्याची उंची २०४ सेंटीमीटर झाली होती आणि चकत्या उघड्या असल्याने तो अजून वाढत होता. त्याची हाडे मात्र पोकळ, ठिसूळ होती.

आता त्या भगिनीच्या मुलाचे पाहा. एकोणिसाव्या वर्षी चकत्या बहुधा बंद झालेल्या असतात. खात्री करायची असेल तर सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवून मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे काढा. पावडरीच्या एका डब्यापेक्षा तो स्वस्त पडेल. चकती बंद असेल तर पावडर, गोळ्या, पट्टे, तेल, कशानेही ती उघडत नाही. फांदीला लोंबकळून व्यायाम होतो, दंड-खांदे मजबूत होतात, हाड लांब होत नाही. पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या वजनाने दबतात, म्हणून प्रत्येकाची उंची सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते. विकणारे लोक 'वाढली बघा' म्हणून दाखवतात ते पुष्कळदा एवढेच. आणि शेजारणीचा भाचा? तो पंधरा-सोळा वर्षांचा असणार. त्या वयात पावडर घेतली काय, न घेतली काय, तो वाढणारच होता. मुलगा धावण्यात आणि अभ्यासात चांगला असेल तर उंचीची अट नसलेल्या कितीतरी सरकारी परीक्षा आहेत. पावडरीचे पैसे त्या पुस्तकांना लावा.

खरी काळजी घ्यायची ती चकती उघडी असताना, आणि त्यातही पहिल्या दोन वर्षांत. बाळ जन्मते तेव्हा ५० सेंटीमीटरच्या आसपास असते. पहिल्या वर्षात २५ सेंटीमीटर, दुसऱ्या वर्षात साधारण १२. एवढा वेग पुन्हा आयुष्यात येत नाही. तेव्हा बाळ वारंवार हगवणीने आजारी पडले, सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर वरचे अन्न वेळेवर सुरू झाले नाही, तर उंची मागे पडते आणि पुढे ती पूर्ण भरून येणे कठीण होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील वयाच्या मानाने बुटकी राहिलेली मुले देशात ३५.५ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळली. 'आमच्या घराण्यातच उंची नाही' असे आपण म्हणतो. आई-वडिलांच्या उंचीचा वाटा मोठा असतो हे खरे. पण शंभरात पस्तीस मुले ही घराण्याची गोष्ट नव्हे. ती पाण्याची, गटाराची आणि ताटाची गोष्ट आहे.

दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने खूण करा. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. चारपेक्षा कमी वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा किंवा वाढीच्या संप्रेरकाचा दोष असेल तर त्यावर उपचार आहेत, पण ते चकती उघडी आहे तोवरच चालतात. 'मोठा झाला की वाढेल' म्हणून थांबण्यात हीच वर्षे जातात.

खाण्याचे म्हणाल तर महाग डब्यांची गरज नाही. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट, यांतही भरपूर. पॉलिश केलेल्या तांदळात ते जवळजवळ नसतेच. मुलांना नाचणीची भाकरी काळी म्हणून आवडत नसेल तर ज्वारीच्या पिठात मिसळा.

पण कॅल्शियम पोटात गेले तरी ते हाडात पोचायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः उन्हातून मिळते. ते कमी पडले की चकतीत क्षार बसत नाहीत, मनगटे जाड होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. याला मुडदूस म्हणतात. युरोपातल्या गिरण्यांच्या, धुराने काळवंडलेल्या शहरांत कामगारांच्या मुलांना हा रोग फार होई. १९१९ साली बर्लिनचे डॉ. हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरे करून दाखवले. एका हातावरच किरण सोडले तरी दोन्ही हातांची हाडे सुधारली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने कुत्र्यांच्या पिल्लांचा मुडदूस टाळता येतो हे सिद्ध केले. मुडदूस कोणाच्या नजरेने होत नाही आणि दोऱ्याने, ताईताने जातही नाही.

आपल्या देशात ऊन रगड आहे, पण दाटीच्या वस्तीत, जिन्याखालच्या खोलीत ते पोचत नाही. कोवळे ऊन चांगले असे आपण म्हणतो, पण अगदी सकाळच्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. त्यासाठी दहाच्या पुढचे ऊन हवे, काचेआडून नको, आणि सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ हवा. मुलांना त्या वेळात अर्धा तास उघड्या हातापायांनी खेळू द्या. अंगावरच्या बाळाला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले असतील तर ते मनाने बंद करू नका.

मुलींबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हाडात साठणाऱ्या मालापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत माल मुलीच्या हाडात अठराव्या वर्षापर्यंत भरला जातो. नेमक्या त्याच वयात तिचे बाहेर खेळणे बंद होते आणि अंडे भावाच्या ताटात जाते. तीच मुलगी पन्नाशीनंतर घरात घसरून पडते आणि खुबा मोडतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न लावून दिले तर आणखी वाईट. उंची थांबल्यावरही कमरेच्या पिंजऱ्याची वाढ चालू असते, ती पुरी व्हायच्या आत बाळंतपण येते.

शेवटी मोडलेल्या हाडाविषयी. वाढत्या मुलाची चकती ही सांध्याच्या दोऱ्यांपेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाचा पाय ज्या पडण्याने मुरगळेल, त्याच पडण्याने मुलाची चकती सरकू शकते. बाहेरून फक्त सूज दिसते. म्हणून मूल पडून सांध्याजवळ सूज आली, हात किंवा पाय वापरायला तयार नसेल, तर चोळू नका, ओढून बसवू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा. चकती सरकलेली असेल तर पहिल्या काही दिवसांत ती जागेवर बसवणे सोपे असते. नंतर जबरदस्ती केली तर चकतीलाच इजा होते आणि एक हात आखूड किंवा वाकडा राहतो.

गावोगावी हाड बसवणारे जाणकार आहेत, साधी लचक त्यांच्या हाताने बरी होतही असेल. पण कामट्या लावून आवळून बांधलेल्या पट्टीने कितीतरी मुलांचे हात कायमचे गेले आहेत. आत सूज वाढते, पट्टी सैल होत नाही, रक्त अडते आणि सहा तासांच्या आसपास स्नायू मरू लागतात. रुग्णालयातले प्लास्टर घट्ट झाले तरी हेच होते. बांधल्यानंतर बोटे निळसर किंवा थंड पडली, बधिर झाली, बोटे सरळ करताना मूल किंचाळत असेल, दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. हाडवैद्याची पट्टी असेल तर तिथल्या तिथे कापून टाका. प्लास्टर असेल तर रात्रीसुद्धा रुग्णालयात जाऊन ते फोडून घ्या. प्लास्टर पुन्हा घालता येते.

लहान मुलाचे हाड लवकर जुळते, हाताचे तीन ते सहा आठवड्यांत. थोडा बाक राहिला तर वाढताना तो पुष्कळसा आपोआप निघतो. पण हाड पिळवटून जुळले असेल तर तो पीळ निघत नाही, म्हणून प्लास्टर घातल्यावर आठवड्याभरात पुन्हा एक्स-रेला बोलावले तर मजुरी बुडते म्हणून टाळू नका. हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत मोकळी बोटे रोज हलवायला सांगा, आणि हात गळ्यात बांधताना पंजा कोपरापेक्षा वर राहील असा बांधा.